घरचा संगणक, व्हीपीएन आणि आपला खासगीपणा

संस्थेच्या अभ्यासिकेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येणारी मुले-मुली अलीकडे आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारतात. "काका, संगणकात व्हीपीएन टाकला की आपण कोणालाच दिसत नाही, हे खरे का?" व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती पाहून मुलांचा असा समज होणे स्वाभाविक आहे. आम्ही बँकेतील लिपिक, पदवी कला शाखेची. संगणकशास्त्राचे आम्ही जाणकार नव्हे. पण बँकेचे रोजचे काम याच तंत्रावर चालते आणि घरच्या संगणकावरही आम्ही ते काही वर्षे वापरत आहोत. त्या आधारावर उत्तर आधीच देऊन टाकतो. आपण दिसतोच, व्हीपीएनमुळे फक्त कोणाला दिसायचे ते बदलते. हा बदल आपल्या फायद्याचा केव्हा असतो आणि केव्हा नसतो, एवढे कळले म्हणजे व्हीपीएन कळला.

व्हीपीएन हे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क या नावाचे लघुरूप आहे. मराठीत त्याला आभासी खासगी जाळे म्हणता येईल, पण तसे कोणी म्हणत नाही, म्हणून आम्हीही व्हीपीएनच म्हणणार आहोत.

प्रथम व्हीपीएन नसताना काय घडते ते पाहू. आपण घरी एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपली मागणी लहान लहान पाकिटांच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या पत्त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. ही पाकिटे आधी आपल्या इंटरनेट कंपनीकडे, म्हणजे बीएसएनएल, जिओ, एअरटेल किंवा गल्लीतल्या केबलवाल्याकडे जातात आणि तिथून पुढे. पूर्वी आतला मजकूर पोस्टकार्डासारखा उघडाच असे. आता बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या पद्धतीने चालतात, त्यामुळे मजकूर बंद पाकिटात जातो. पण पाकिटावरचा पत्ता झाकता येत नाही. आपण कोणत्या संकेतस्थळावर, किती वाजता गेलो हे इंटरनेट कंपनीला कळू शकते, आणि परवान्याच्या अटींनुसार वापराच्या नोंदी तिला किमान दोन वर्षे सांभाळाव्या लागतात. पलीकडच्या टोकाला, संकेतस्थळाला आपला आयपी ॲड्रेस दिसतो आणि त्यावरून आपण साधारण कोणत्या शहरात बसलो आहोत याचा अंदाज बांधता येतो. सोलापुरात बसलेल्या माणसाला हा अंदाज पुष्कळदा पुण्यात किंवा मुंबईत नेऊन बसवतो, हा भाग वेगळा.

आता व्हीपीएन काय करतो ते बँकेच्या टपालावरून सांगतो. समजा, सोलापूरच्या शाखेतून निरनिराळ्या गावांना वीस पत्रे पाठवायची आहेत. ती सुटी न टाकता आपण एका पिशवीत घातली, पिशवीला लाखेचे सील केले आणि ती रात्रीच्या गाडीने मुंबईच्या मुख्य कार्यालयाकडे रवाना केली. वाटेत पिशवी हाताळणाऱ्याला एवढेच कळते, की सोलापूरहून मुंबईला एक पिशवी चालली आहे. मुख्य कार्यालयातला जावक कारकून सील फोडतो, पत्रे वेगळी करतो आणि प्रत्येकावर मुख्य कार्यालयाचा शिक्का मारून पुढे धाडतो. पत्र मिळणाऱ्याला वाटते, पत्र मुंबईहून आले. उत्तर मुंबईलाच येते आणि पुन्हा सीलबंद पिशवीत बसून सोलापूरला पोचते. यातली पिशवी म्हणजे व्हीपीएनचा सांकेतिक बोगदा, मुख्य कार्यालय म्हणजे व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर, आणि वाटेतला हमाल म्हणजे आपली इंटरनेट कंपनी किंवा हॉटेल, वसतिगृह, स्टेशन इथले वाय-फाय चालवणारा.

मुलांचे लक्ष नेहमी पिशवीकडे जाते. आमचे म्हणणे, लक्ष जावक कारकुनाकडे द्या. कोणी, कोणाला, केव्हा पत्र पाठवले हे आता हमालाला कळत नाही. पण कारकुनाच्या हाताखालून मात्र प्रत्येक पत्र जाते. पत्र पाकिटात बंद असेल तर मजकूर त्यालाही कळणार नाही, पण पत्ता कळणारच. म्हणजे आपण आपला विश्वास एकाकडून काढला आणि दुसऱ्याच्या स्वाधीन केला. तो दुसरा कोण, हा व्हीपीएनमधला खरा प्रश्न आहे.

मुळात हे तंत्र घरासाठी निघालेले नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याच दशकात कार्यालयाबाहेरच्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे कसे आणावे याच्या पद्धती निघाल्या. मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांच्या अभियंत्यांनी मिळून काढलेली पीपीटीपी ही त्यातली सुरुवातीची. बँकांचे व्यवहार कोअर बँकिंगवर गेल्यावर प्रत्येक शाखा दूरच्या मध्यवर्ती संगणकाला जोडली गेली, तीही अशाच खासगी जोडण्यांनी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत असंख्य लोकांनी घरून काम केले ते व्हीपीएनच्याच आधारे. तिथे जावक कारकून आपल्याच कार्यालयाचा असतो, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न येत नाही. घरगुती व्हीपीएनमध्ये तो परका असतो.

"पण आमच्यापाशी लपवण्यासारखे आहेच काय?" असे काही वडीलधारी मंडळी विचारतात. या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या समाजाला लपवणे आणि खासगीपणा यांतला फरक इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून त्यांना एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि ते उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून घालवून दिले. ते लपणे लादलेले होते. आजही पुण्यात खोली शोधणाऱ्या आपल्या मुलाला घरमालक आधी आडनाव विचारतो, तेव्हा त्या मुलाच्या मनात काय होते हे वाचकांना सांगायला नको. खासगीपणा ही त्याच्या उलट गोष्ट आहे. स्वतःविषयी काय सांगायचे, कोणाला आणि कशासाठी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती असणे म्हणजे खासगीपणा.

याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मूलभूत हक्कांविषयी जे निवेदन तयार केले, त्यात नागरिकाची व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण मागितले होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली तेव्हा ती स्वीकारण्याची तयारी बाबासाहेबांनी दाखवली होती. सभेने ती पुढे नामंजूर केली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालपत्रात घटना समितीतील या चर्चेचाही विचार झालेला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो भाग अवश्य वाचावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

पूर्वी 'कागदपत्रे' म्हणजे कपाटातली. आता एखाद्याने रात्री कोणत्या आजाराची माहिती शोधली, कोणत्या वकिलाचे पान उघडले, कोणत्या संघटनेचे लेखन वाचले, हेही त्याचे कागदपत्रच झाले आहे. व्हीपीएनचा विचार या बाजूने करावा असे आम्हाला वाटते.

आता प्रत्यक्ष कृती. घरच्या संगणकावर व्हीपीएन घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा. ज्या कंपनीची सेवा घ्यायची, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिचा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून किंवा मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेला घेऊ नये. प्रोग्रॅम बसवून नाव व पासवर्ड दिला की देशांची यादी दिसते, त्यातला एक निवडून कनेक्ट दाबायचे. जवळचा देश निवडावा. सर्व्हर जितका लांब तितका वेग कमी.

दुसरा मार्ग विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट या भागात व्हीपीएन असे लिहिलेले सापडते. तिथे ॲड व्हीपीएन दाबले की एक अर्ज समोर येतो. प्रोव्हायडर म्हणून विंडोज बिल्ट-इन निवडायचे, कनेक्शनला आपल्याला ओळखता येईल असे नाव द्यायचे, सर्व्हरचा पत्ता कंपनीने किंवा कार्यालयाने दिलेला जसाच्या तसा भरायचा. पुढे व्हीपीएनचा प्रकार विचारतात. तिथे आयकेईव्ही-२ मिळत असेल तर ते घ्यावे. यादीत पीपीटीपीही दिसते, पण वर सांगितलेली ही जुनी पद्धत आता सुरक्षित राहिलेली नाही, ती घेऊ नये. मग नाव, पासवर्ड भरून सेव्ह आणि नंतर कनेक्ट. वायरगार्ड नावाची नवी, सुटसुटीत पद्धत २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. विंडोजसाठी तिचा वेगळा छोटा प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्यात कंपनीने दिलेली फाइल आयात करून ॲक्टिव्हेट दाबले की झाले. या फाइलमध्ये आपली गुप्त किल्ली असते. सही केलेला कोरा चेक जसा आपण कोणाकडे देत नाही, तशी ती फाइल व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नये.

जोडणी झाल्यावर ती खरोखर चालते का, हे पाहण्याची सवय ठेवावी. व्हीपीएन बंद असताना शोधयंत्रात व्हॉट इज माय आयपी असे टाकून आलेला आकडा लिहून घ्यावा. व्हीपीएन सुरू करून पुन्हा पाहावे. आकडा बदलला नसेल तर पिशवी तयारच झालेली नाही. दुसरे पाहायचे ते डीएनएसचे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीला डीएनएस म्हणतात. पत्रे पिशवीतून जातात, पण पत्ता विचारायला मात्र आपण जुन्याच हमालाकडे जातो, असे काही वेळा घडते. डीएनएस लीक टेस्ट करणारी संकेतस्थळे आहेत, तिथे आपल्या जुन्या इंटरनेट कंपनीचे नाव दिसले तर गळती आहे असे समजावे. तिसरे, प्रोग्रॅममध्ये किल स्विच असेल तर तो चालू ठेवावा. मध्येच बोगदा तुटला तर तो इंटरनेटच थांबवतो. एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या नाहीत तर सगळा खटाटोप नावापुरता राहतो.

कंपनी कोणती घ्यावी? इथे मोफतच्या मोहाविषयी दोन उदाहरणे देतो. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे मोफत व्हीपीएन ॲप लोकांना 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' असे सांगत असे, आणि लोक आणखी कोणकोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत असे. ॲपलच्या आक्षेपानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये ते आयफोनवरून काढावे लागले, २०१९ मध्ये बंदच झाले आणि ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये याच ॲपच्या प्रकरणात फेसबुकच्या कंपन्यांना तिथले २ कोटी डॉलर दंड केला. दुसरे उदाहरण होला या मोफत सेवेचे. तिच्या वापरकर्त्यांची इंटरनेट जोडणी पैसे घेऊन परक्यांना वापरायला दिली जाते, हे २०१५ मध्ये उघड झाले. म्हणजे दुसऱ्याची पत्रे आपल्या शिक्क्याने बाहेर पडत होती. सर्व मोफत सेवा अशाच असतात असे नाही. स्वित्झर्लंडची प्रोटॉन पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर इतरांना मर्यादित सोय मोफत देते. पण जिथे कोणीच पैसे भरत नाही, तिथे जावक कारकुनाचा पगार कोण देतो, हे विचारावे.

सरकारचाही संबंध येतो. भारताच्या संगणक आपत्ती प्रतिसाद यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेला आयपी ॲड्रेस आणि सेवा घेण्याचे कारण यांच्या नोंदी, त्याने सेवा सोडल्यानंतरही किमान पाच वर्षे ठेवायच्या आहेत. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळले आहे. गुन्हेगार सापडावेत हा सरकारचा हेतू. ग्राहकाच्या नोंदी न ठेवणे हाच आमचा धंदा, हे कंपन्यांचे म्हणणे. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्या वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे यादीत 'भारत' दिसला तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरला असू शकतो. सायबर गुन्ह्याचा तपास करणाऱ्यांची अडचण आम्हाला बँकेत बसून समजते. तरीही निर्दोष माणसाच्या नोंदी पाच वर्षे साठवणे आम्हाला जास्त वाटते; साठवलेली माहिती कधी ना कधी भलत्याच्या हाती लागते.

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. मात्र जम्मू-काश्मीरमध्ये प्रशासनाने वेळोवेळी त्यावर बंदी घातलेली आहे आणि २०२० मध्ये तिथे गुन्हेही नोंदले गेले. व्हीपीएनआडून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो, हे काही निराळे सांगायला नको.

आता बँकेच्या टेबलावरून जे दिसते ते. सोलापुरातही ऑनलाइन फसवणूक झालेली माणसे काउंटरवर येतात. त्यांपैकी एकालाही व्हीपीएनने वाचवले नसते. कोणी ओटीपी सांगितलेला असतो, कोणी अनोळखी ॲप मोबाइलवर घेतलेले असते, कोणाला 'डिजिटल अरेस्ट' म्हणून व्हिडिओ कॉलवर घाबरवलेले असते. चोराला आपण स्वतः दार उघडले तर पिशवीचे सील काय करणार? बँकांनाही हे चुकलेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. बोगदा कितीही मजबूत असो, टोकाचा संगणकच बाधित असेल तर उपयोग नाही. म्हणून व्हीपीएनच्या आधी संगणक अद्ययावत करा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि आपल्या पुष्कळ घरांत तीच चालते. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे अडवता येण्याचा संभव जास्त असतो.

विद्यार्थी मित्रहो, आणखी एक गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जात जात, उत्पन्न, आधार, बँक खाते हे सर्व आपणच लिहून देतो. ते व्हीपीएनने झाकत नाही. गूगलवर आपल्या नावाने लॉग-इन असताना जे शोधू तेही झाकत नाही. जातीच्या दाखल्याची प्रत सायबर कॅफेच्या संगणकावर उतरवून तशीच ठेवून येणे हे व्हीपीएन नसण्यापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. अभ्यासिकेच्या संगणकावरही काम संपले की लॉग-आउट करावे, उतरवलेल्या फाइली काढाव्यात आणि रिसायकल बिन रिकामी करावी.

मग घरी व्हीपीएन घ्यावा की नाही? स्वतःच्या घरी, स्वतःच्या जोडणीवर, अद्ययावत संगणक असलेल्या साध्या कुटुंबाला तो रोज लागतोच असे आम्हाला वाटत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएस चालू केले तरी इंटरनेट कंपनीला दिसणारे थोडे कमी होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण वसतिगृहात, लॉजवर, स्टेशनवरील मोफत वाय-फायवर लॅपटॉप जोडणाऱ्याने, किंवा आपल्या वाचनाची नोंद इंटरनेट कंपनीपाशी राहू नये असे वाटणाऱ्याने जरूर घ्यावा. बँकेच्या कामापुरता मात्र तो बंद करून, घरच्या जोडणीवरून व्यवहार करावा. सोलापूरचा खातेदार अचानक परदेशातून आत आलेला दिसला की बँकेची यंत्रणा संशय घेते आणि कधी कधी खाते तात्पुरते अडते.

पैसे भरताना काय होते तेही सांगून ठेवतो. बहुतेक कंपन्या परदेशी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात आणि वर्गणी भरून झाली की पुन्हा बंद करावेत. पहिल्या वर्षी सवलतीचा दर दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने रक्कम आपोआप वळती होते. अशा कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यायची असते. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. सेवा नको असेल तर त्याच संदेशातून किंवा शाखेत येऊन कपात थांबवता येते.